भासऱ्यांच्या मागे वाघीण

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. पुण्याकडच्या बायका त्यांना मोठे दीर म्हणतात आणि त्यांच्याशी चक्क गप्पा मारतात, असं मी ऐकून आहे. आमच्याकडे भासऱ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नसतो, खाटेवर बसायचं नसतं, जेवायचं नसतं, आणि त्यांना शिवायचं तर मुळीच नसतं. चुकून शिवलं तर दोघांनीही आंघोळ करायची. त्यांनीही लहान भावाच्या बायकोकडे बघायचं नसतं, ती समोर आली की तोंड फिरवायचं असतं. नियम दोन्हीकडून सारखाच जाच करतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हे कळत नाही.

माझे भासरे एकटे. जाऊबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या, मूलबाळ नाही. आम्ही ढिवर, घरचा धंदा मासोळी आणि शिंगाड्याचा. तो सगळा भासरेच बघतात, कारण माझा नवरा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर ट्रक चालवतो आणि सुट्टीलाच घरी येतो. म्हणजे रोजच्या घरात माणसं तीन. सासूबाई, भासरे आणि मी. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

अडत काहीच नाही. मी सासूबाईंना म्हणते, "भात वाढू काय, विचारा." भासरे हाताच्या अंतरावर बसलेले असतात. ते भिंतीला म्हणतात, "थोडासाक." सासूबाई मध्ये बसून सुपारी कातरतात, त्यांना तोंड उघडायचीही गरज पडत नाही. त्या घरी नसल्या तर भासरे उंबऱ्याबाहेर उभे राहून खोकतात. खोकला म्हणजे मी येतोय, आवरून घे. मग अंगणातल्या बकरीला सांगतात, "बकरे, पानी पायजे होतं." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवते आणि आत जाते. बकरीला यातून कधी काही मिळालेलं नाही, पण तिचाही कान तयार झाला आहे. तिला बोलावलं की ती माझ्याकडे बघते.

माझं पोट बोलण्यावर चालतं हे इथे सांगायला हवं. मी अभयारण्याच्या गेटवर गाईड आहे. जिप्सीत पुढच्या सीटवर उभी राहून मी सकाळ-संध्याकाळ बोलते. हा ऐन, हा साग, हे मोहाचं झाड, याच्या फुलांवर अस्वल तुटून पडतं. सांबराचं शिंग कसं, चितळाचं कसं. नागपूरहून आलेल्या मोठ्या मोठ्या साहेबांना मी "आवाज बंद" म्हणते आणि ते लहान पोरासारखे गप्प बसतात. वाघ दिसला तर ते मला हात जोडतात. नाही दिसला तर मीच तो घरी ठेवून आले असं बघतात. मग मी त्यांना कमळपक्षी दाखवते. ते हो हो म्हणतात आणि घड्याळ बघतात.

नोकरी लागली तेव्हा घरात एकच अडचण निघाली. खाकी शर्ट-पॅंटवर पदर कुठून आणायचा? भासरे सकाळी तलावावर जाताना मी गेटवर जायला निघते, गाठ पडणारच. सासूबाईंनी एक दिवस विचार केला आणि निकाल दिला की खात्याची टोपी हा पदरच धरायचा. तेव्हापासून मी घरातून निघताना टोपी घालून निघते. आमच्या गेटवर टोपी इतकी नीट घालणारं दुसरं कोणी नाही म्हणून एका साहेबांनी सर्वांसमोर माझं कौतुकही केलं.

आमचं गाव अड्याळपासून आत, जंगलाच्या बाजूला. गावाला मालगुजारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव आहे. अलीकडे धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, पलीकडे सागाचं आणि बांबूचं रान. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, नकाशात एक हिरवी रेघ जाते, तिच्या पलीकडे अभयारण्याचा बफर. पाळीवर भासऱ्यांची शिंगाडे राखायची झोपडी आहे. मी नकाशा नीट बघितला आहे. झोपडी बफरमध्ये येते आणि तिच्यासमोरची चूल गावात.

दिवाळीच्या पुढेमागे हा तलाव बघावा. शिंगाड्याच्या वेलाने पाणी झाकून जातं, पानं मधे हिरवी, कडेला तांबूस. त्यावरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतात. अडई बदकांच्या झुंडी शिट्ट्या मारत उतरतात. बांध्यांमध्ये धान पिवळं पडत असतं, त्याचा वास पाळीपर्यंत येतो. पाळीच्या जंगलाकडच्या उतारावर बेशरम माजलेली आहे. बेशरम हे झुडपाचंच नाव, कुठेही उगवतं, कापलं तरी येतं, जनावर खात नाही. पण जनावराला लपायला ते फार आवडतं.

त्या वर्षी एका वाघिणीने आमच्या बाजूला बस्तान बसवलं होतं. तिची पिल्लं मोठी होत आली होती, पाण्यासाठी ती तलावावर यायची. पाळीवर तिचे ठसे दिसायला लागले तसं खात्याने गावागावात मीटिंगा घ्यायला सुरुवात केली. आमच्या गावची मीटिंग मला घ्यायला लावली, कारण गावचीच बाई बोलली तर लोक ऐकतील. समाजमंदिरात अख्खं गाव जमलं. मी सांगितलं: जंगलालगत खाली बसून काम करू नका. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. उभे राहा. पाठ दाखवू नका. पळू नका. वाघाकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा. एकटे जाऊ नका.

भासरे सर्वात मागच्या रांगेत बसले होते, भिंतीकडे तोंड करून. सगळं गाव माझ्याकडे बघतंय आणि एक माणूस भिंतीकडे, हे परगावच्या वनरक्षकाला विचित्र वाटलं. त्याने मला हळूच विचारलं, "त्यांना ऐकायचं नाही का?" मी म्हटलं, तसं नाही, ते माझे भासरे आहेत. तो नाशिककडचा होता. त्याला काही उलगडलं नाही, पण तो हो म्हणाला.

गोष्ट घडली ती सुट्टीच्या दिवशी. आठवड्यात एक दिवस गेट बंद असतं, त्या दिवशी मी शिंगाडे तोडायला मदत करते. भासरे डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसून वेल उलटवतात, शिंगाडे तोडून काठाला आणून टाकतात. मी धुते, निवडते, टोपल्यात भरते. सासूबाई पाळीवर बसून मधला संसार चालवतात. त्या दिवशी त्यांचे गुडघे धरले होते. त्या म्हणाल्या, "कुत्र्याले घेऊन जा. काही बोलाचं असन त त्याले बोलजा." इतक्या सहजपणे म्हणाल्या की मलाही त्यात काही वाटलं नाही. आमचं कुत्रं शहाणं होतं. मी लुगडं नेसले, पदर घेतला, आणि आम्ही तिघं निघालो. पुढे भासरे, मग बरंच अंतर, मग मी, आणि दोघांच्या मध्ये कुत्रं.

ऊन चढेपर्यंत काम छान झालं. भासरे डोंगा काठाला लावायचे, शिंगाडे ओतायचे, कुत्र्याला म्हणायचे, "हे कवळे हायेत, येगळे ठेवजो." मी वेगळे ठेवायचे. शिंगाडे धुवायला मी पाण्याच्या कडेला खाली बसले होते, पाळीकडे पाठ करून. मीटिंगमध्ये मी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. पण शिंगाडे उभं राहून धुता येत नाहीत, आणि नियम सांगणाऱ्याला ते लागू नसतात असंही माणसाला मनातून वाटत असतं.

मग भासरे तलावाच्या मध्यात डोंगा थांबवून खोकले. मी वर बघितलं नाही. ते परत खोकले, जरा जास्त. बिड्या वाढल्यात, मी मनात म्हटलं, संध्याकाळी सासूबाईंना सांगायला हवं. थोड्या वेळाने डोंगा काठाला लागला. डोंग्यात शिंगाडे नव्हते. भासरे उतरले आणि माझ्या मागून पाळीवर चढले, नेहमीपेक्षा बरेच जवळून. त्यांचा असा चुकलेला पाय मी कधी पाहिला नव्हता. मी पदर ओढला आणि अंग चोरून घेतलं.

तेवढ्यात कुत्रं उठलं. त्याने शेपूट पोटाखाली घातलं आणि कोणाला काहीही न सांगता गावाच्या रस्त्याला लागलं. पळालं नाही, चाललं, भराभर, मागे न बघता. तेव्हा कुठे मी वळून बघितलं.

पाळीच्या माथ्यावर भासरे उकिडवे बसले होते. तोंड नेहमीप्रमाणे माझ्यावरून बाजूला फिरवलेलं, पाठ जंगलाकडे. आणि त्यांच्या मागे, दोन बैलगाड्या लागोपाठ उभ्या राहतील एवढ्या अंतरावर, बेशरमीच्या झुडपातून वाघिणीचं डोकं बाहेर आलेलं होतं. ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. डोकं खाली, खांदे वर. पर्यटकांना मी ही मुद्रा समजावून सांगते.

काय करायचं हे मला त्या क्षणी नक्की माहीत होतं. भासऱ्यांना उभं करायचं. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द कोणाला उद्देशून बोलायचा? सासूबाई घरी, कुत्रं रस्त्यावर. मी आजूबाजूला बघितलं, आणि आज हे लिहितानाही मला नवल वाटतं की मी खरोखर टोपल्याशी बोलले.

"टोपले," मी म्हटलं, "उठून उभं राहा म्हना. मांगं पाहा म्हना."

भासऱ्यांनी तोंड आणखी फिरवलं. "टोपले," ते म्हणाले, "घरी जाय म्हना. आत्ता जाय."

मला वाटलं त्यांना माझी कटकट होतेय. मी आवाज वाढवला. "टोपले, वाघ हाये!"

"टोपले, घरी जाय म्हटलं ना!"

वाघीण ऐकत होती. टोपल्याबद्दल तिचं काय मत झालं असेल माहीत नाही.

मग मी उठले आणि त्यांच्याकडे निघाले. त्याबरोबर भासरे बसल्या बसल्या मागे सरकले. मी एक पाऊल पुढे टाकलं, ते आणखी मागे सरकले. आमच्या अंगणात हे रोज चालतं. मी झाडत पुढे आले की ते खाट घेऊन मागे सरतात, मला वाट मोकळी करून देतात. मी पाळीवर तशी पुढे येत होते, आणि ते मर्यादा राखून, एक एक वीत, वाघिणीकडे सरकत होते. मी थांबले. माझे पाय थांबले तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. मी अजून चार पावलं टाकली तर मीच या माणसाला नेऊन तिच्या तोंडात देणार होते.

"दादा," मी म्हटलं.

याआधी मी त्यांना कधी काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं हेही ठरलेलं नव्हतं. दादा मी माहेरी माझ्या भावाला म्हणते. तेच तोंडात आलं.

"दादा, माह्याकडे पाहा. उठा. हळूच उठा. पळू नोका."

आवाज गेटवरचा निघाला. साहेब लोकांना गप्प करणारा. भासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यात. इतक्या वर्षांनी मला कळलं की त्यांचे डोळे घारे आहेत. ते उठले. बसलेलं जनावर अचानक माणसाएवढं उंच झालं तशी वाघीण जागच्या जागी दबली. भासरे मात्र हलेनात, हाताने मलाच जा जा करत राहिले. मी तिच्यावरची नजर न काढता पुढे झाले, त्यांचं मनगट धरलं आणि ओढत ओढत त्यांना उताराने पाण्यात आणलं. डोंग्यात ढकललं, मीही चढले, आणि भासऱ्यांनी बांबू रोवून डोंगा आत नेला.

डोंगा एका माणसाचा. त्यात आम्ही दोघं समोरासमोर, गुडघे गुडघ्याला लागतील असे. भासऱ्यांनी लगेच डावीकडे तोंड फिरवलं आणि मी उजवीकडे. डोंगा कलला, पाणी आत आलं. दोघं परत सरळ झालो. मग त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि मी पायाकडे. असं जमलं.

वाघीण पाळीवर आली. टोपलं हुंगलं, एका पंजाने आडवं केलं, शिंगाडे उताराने गडगडत पाण्यात गेले. मग ती खाली येऊन पाणी प्यायली, बराच वेळ, जीभ वाजवत. वाघाला पोहायला आवडतं, हे मी प्रत्येक फेरीत मोठ्या हौसेने सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि आली तशी बेशरमीतून निघून गेली. लोक यासाठी नागपूरहून पहाटे अंधारात निघतात. मी तिच्याकडे धड बघितलंही नाही. मी बांबू धरलेल्या भासऱ्यांच्या बोटांकडे बघत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी जिवंत आहोत ना ते बघितलं, मग दोघांना आंघोळीला पाठवलं. माझी आंघोळ झाल्यावर हळूच विचारलं, "बोलली काय?"

"बोललो."

"हात?"

"धरला."

त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "वाघ होता," त्या म्हणाल्या. "वाघाच्या वक्ती चालते. पन आता वाघ नाही."

म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला होता. गावात तसा लागला नाही. अड्याळच्या बाजारात ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. वाघ केवढा होता, असं एकीनेही विचारलं नाही. "अवो, तू खरंच बोलली काय वो भासऱ्यासंगं?" एवढंच. एकीने तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, बोलले, आणि वांगी घेऊन निघून आले.

पण खरा त्रास वेगळाच सुरू झाला. त्या संध्याकाळी भासरे जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोधडी, भात शिजवायचा गंज आणि थोडे तांदूळ घेऊन तलावावरच्या झोपडीत राहायला गेले. शिंगाडे चोरीला जातात म्हणे. आमच्या तलावावर शिंगाडे कधी चोरीला गेलेले नाहीत. त्यांनी तिथेच भात शिजवायला सुरुवात केली. सासूबाईंनी निरोप पाठवले, मी शेजाऱ्याच्या हाती डबा पाठवला. डबा जसाच्या तसा परत आला, घासून-पुसून.

मला दुःख झालं नाही, राग आला. मी या माणसाचा जीव वाचवला होता. आणि हा माणूस, मी तोंड उघडलं म्हणून, रुसून वाघिणीच्या पाणवठ्यावर जाऊन बसला होता. मर्यादा मोडली तर मोडली. जीव जाण्यापेक्षा बरं नाही का? हे सगळं मी त्यांना सांगणार तरी कशी? मी ते बकरीला सांगितलं. बकरीने पाला खाल्ला.

खात्याने पाळीवर झाडाला कॅमेरा बांधला होता, समोरून जो जाईल त्याचा आपोआप फोटो निघतो. नाशिककडच्या त्या वनरक्षकाने मला गेटवर मोबाईलवर फोटो दाखवले. पहिल्यात वाघीण, तोंड खाली, वास घेत जाणारी. पुढच्यात भासरे, हातात गंज, पाण्याला निघालेले. तीच जागा, तोच दगड, सकाळचा तोच कोवळा उजेड. मग परत वाघीण. मग पिल्लू. मग भासरे. "मॅडम, दोघांची वेळ जवळजवळ एकच आहे," तो म्हणाला. "एक दिवस एकाच फोटोत येतील." त्याला विनोद करायचा नव्हता. मी त्या फेरीत पर्यटकांना काय दाखवलं ते मला आजही आठवत नाही.

नवरा सुट्टीला आला तसं मी त्याला म्हटलं, तू बोल. तो जाऊन आला. "दादा म्हनते मले तिथंच बरं वाटते," त्याने सांगितलं. मी म्हटलं, मग आता मी बोलते. त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "जाऊ दे तिले. ते एकडाव बोललीच हाये." आणि स्वतः उठून डबा भरायला लागल्या, भात, वरण, वांग्याची भाजी. भाजी माझ्या हातची होती.

दुपारी आम्ही गाडीवर निघालो. पाळीच्या तोंडाशी नवरा थांबला. वाघ आलाच तर गाडी चालू असायला हवी म्हणून तो गाडीपाशीच राहणार होता. ती गाडी किक मारून मारून घाम निघाल्याशिवाय चालू होत नाही. मी डबा घेऊन पाळीवरून चालत गेले.

भासरे झोपडीसमोर जाळं शिवत बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"दादा, घरी चाला."

"जाळे," ते जाळ्याला म्हणाले, "मी इथंच बरा हावो म्हना."

"जाळ्याले कायले सांगता?" माझा आवाज चढला. "मी इथं उभी हावो. एकडाव बोललो त काय जीव गेला काय तुमचा? जीव राहिला म्हनून राग आला काय? तसं असन त सांगा."

त्यांची सुई थांबली. मग तोंड न वळवता बोलले, पण जाळ्याशी नाही.

"तुले वाटते मले दिसली नव्हती?"

मी डबा खाली ठेवला.

"डोंग्यातूनच दिसली. तुह्या मांगं होती, बेशरमात. तू बसून शिंगाडे धुऊन राहिली होती. मी पान्यात होतो, मले काय भेव होता? आरडलो असतो त बिचकून तुह्याच अंगावर आली असती. म्हनून खोकललो. दोनदा खोकललो."

जंगलात माकड खोकललं की मी जिप्सी थांबवते आणि सांगते, वाघ जवळ आहे. भासरे खोकले तर मला बिड्या आठवल्या.

"मंग आलो काठाले," ते म्हणाले. "तूच सांगत होती ना मीटिंगीत, बसला मानूस वाघाले जनावर दिसते, पाठ दाखवू नोका म्हनून. म्हनून बसलो, पाठ करून. म्हटलं, मले पाहीन त तुले नाही पाहीन. तू पुढं येऊन राहिली होती, म्हनून मी मांगं मांगं सरकत होतो. जरा तिच्याकडं गेलो का वाघीण तिथंच थांबन."

झोपडीच्या वरच्या फांदीवर भारद्वाज हुंकारत होता.

"तुले बोलाचे दोनच शब्द होते," ते म्हणाले. "पळ, पोरी. एवढंच. मी त्या वाघाच्या तोंडासमोर जाऊन बसलो, पन ते दोन शब्द निघाले नाही माह्या तोंडातून. टोपल्याले सांगत बसलो. तू लहान, बाईमानूस, तू बोलली. मी मरत होतो पन बोलत नव्हतो. आता कोनत्या तोंडानं बसू तुह्यासमोर जेवाले?"

'पळ' हा सल्ला चुकीचा होता, वाघासमोर पळायचं नसतं. पण ते मी तेव्हा काढलं नाही. इतके दिवस मी रागाने जळत होते, मी यांचा जीव वाचवला म्हणून. हा माणूस सुखरूप पाण्यात होता आणि पाण्यातून उतरून माझ्यासाठी येऊन बसला होता, माझंच भाषण पाठ करून, उलटं वापरून. मला त्यांची फार माया आली.

मी समोर जमिनीवर मांडी घातली. डबा उघडला. झाकणात भात काढला, वरण ओतलं, भाजी घेतली, आणि त्यांच्यासमोर जेवायला लागले. डोक्यावरचा पदर घसरला, तो तसाच राहू दिला. उरलेला डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाळीच्या टोकाकडे, जिथे त्यांचा भाऊ जंगलाकडे पाठ करून गाडी पुसत होता. जाळं बाजूला ठेवलं. हात धुतले. एक घास घेतला, भाजीला लावला, चावत राहिले.

"मीठ लय पडते तुह्या हातून," ते म्हणाले.

"आज?"

"नाही. नेहमीच."

"लग्न झाल्यापासून?"

"हो ना."

"मंग इतकी वर्सं सांगितलं काहून नाही?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कोनाले सांगू?"

मला आधी हसू आलं. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही, आणि मग ते थांबेना, हातातला घास तसाच राहिला. मी रडत होते तेवढा वेळ भासरे समोर बसून होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही.